कासटोल्याला दिलेल्या पोरी

लग्नं सगळीकडंच उन्हाळ्यात होतात. पण कासटोल्यात सोयरीक जुळवायला येणारा पाहुणासुद्धा होळीच्या आधी कोणी बोलावत नसे. कोणी कार्तिकात येतो म्हणून निरोप धाडलाच, तर घरात हटकून कोणीतरी आजारी पडायचं, नाहीतर धान कापायला माणसं मिळालेली नसायची. "होळी होऊन जाऊ द्या, मंग या सावकाश," असा उलटा निरोप जायचा. होळीनंतर मात्र पाहुण्यांची जी सरबराई व्हायची तिला तोड नव्हती.

कारण साधं होतं. वैनगंगा तिथं दोन धारांत फुटते. पलीकडची मोठी धार बारमाही वाहते. अलीकडची बारकी धार होळीनंतर आटते, वाळू उघडी पडते, आणि घाटपिंपरी गावातून सरळ ट्रॅक्टर हाकत टोल्यावर जाता येतं. दोन धारांच्या मधे हा कासटोला. लांबट, माशासारखा आकार, काठानं सगळीकडं कास गवत माजलेलं, मधे वीस-बावीस घरं, हनुमानाचा पार आणि चौथीपर्यंतची शाळा. आषाढात बारकी धार भरली की टोल्याचा टापू व्हायचा. मग चार महिने, कधी पाच, येणंजाणं चैतराम ढिवराच्या डोंग्यातून, बारक्या लाकडी होडीतून. पूर असला की तेही नाही.

शामकला या टोल्यात १९९९ च्या वैशाखात लग्न होऊन आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, डोक्यावरून पदर ओढून. पदराखालून तिला वाळू दिसली, दोन्हीकडं काठ दिसले. नाला असेल, असं तिला वाटलं. तिचं माहेर सौंदडच्या पुढं, इटियाडोहच्या कालव्यावर. तिकडं पाणी पाटानं यायचं. धरणाचं दार उघडलं की धानाच्या बांध्या भरायच्या, बंद केलं की पाट कोरडा. पाणी माणसाचं ऐकतं, अशीच तिची समजूत होती.

नवरा दुलीचंद स्वभावानं गरीब, कमी बोलणारा. सासरा नत्थूलाल बोलघेवडा. सासू दुलारी कामाला वाघ. आणि धाकटा दीर उमेंद्र, नऊ-दहा वर्षांचा, शेंबडा, जो पहिल्या दिवसापासून वहिनीच्या मागंमागं फिरायला लागला. घर खाऊनपिऊन सुखी होतं. लग्नात त्यांनी काही मागितलं नव्हतं. माहेरच्या बायका म्हणाल्या होत्या, "पोरीचं नशीब काढलं बिसरामनं."

आषाढात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी उघाड पडली तेव्हा शामकला शेणाचं टोपलं घेऊन उकिरड्याकडं निघाली, आणि ज्या वाळूवरून ती आली होती तिथं तिला तांबडं पाणी दिसलं. पाण्यातून एक अख्खी बाभूळ मुळांसकट वाहत चालली होती. टोपलं तिथंच टाकून ती दुसऱ्या बाजूला गेली. उडदाच्या वावरापलीकडं पाणी. ती काठाकाठानं चालत राहिली, कासेनं पोटऱ्या कापल्या, आणि चालत चालत जिथून निघाली होती तिथंच परत आली. दुलारी दारात उभी होती.

"पाहून झालं काय?" दुलारी म्हणाली. "चहा ठेवला आहे. पी, अन् शेण उचलून आण."

 त्या दिवशी सासूच्या हातून कप घेताना शामकलेनं मनात एक गाठ मारली, आणि ती पुढं चौदा वर्षं सुटली नाही.

पावसाळ्यात कामं कमी. नत्थूलाल ओसरीत बसून अंबाडीचा दोर वळायचा आणि नव्या सुनेला टोल्याचा इतिहास सांगायचा. आपण पोवार, आपले वाडवडील माळव्यातून आले, हे तर शामकलेला माहेरीही ऐकून पाठ होतं. पुढचं नवं होतं. नत्थूलालच्या आज्याच्याही आधी म्हणे घाटपिंपरी पुरात अर्धी वाहून गेली. तेव्हा गावच्या मोठ्या लोकांनी ठरवलं की नदीतला हा रेतीचा पट्टा पक्का करायचा, म्हणजे पुराचा पहिला मार तो घेईल आणि गावाचा काठ वाचेल. मग धाकट्या घरच्या चौघा-पाचांना बैल देऊन इथं बसवलं. त्यांनी वरच्या टोकाला गोटे रचले, बांबू लावला, बेशरमीची झुडपं लावली. दर उन्हाळ्यात गोटे नव्यानं रचायचे, हे टोल्याचं काम. घाटपिंपरीचे लोक बैलगाड्यांनी गोटे आणून टाकत, नंतर ट्रॅक्टरनं.

"आमी आहो म्हणून घाटपिंपरी आहे," नत्थूलाल छाती काढून म्हणायचा.

"म्हणजे मामाजी, आपल्याले पुराच्या तोंडी उभं केलं," शामकला एकदा म्हणाली.

नत्थूलाल हसला. त्याला त्यात वाईट असं काही दिसलं नाही.

घाटपिंपरीचा मोठा शेतकरी घनश्याम दर हनुमान जयंतीला पारावर येऊन हेच बोलायचा. "तुमी आमच्या गावाची भिंत आहा." लोक खूश व्हायचे. एका वर्षी दुलीचंदच्या चुलत्यानं त्याच घनश्यामकडं आपल्या पोरासाठी त्याच्या पुतणीचा विषय काढला. घनश्यामला हसू आवरेना. "कसं बोलून राहिले भाऊ तुमी! आमाले रोज दिसते ना ते पाणी." म्हणूनच टोल्याच्या सुना दूरदूरच्या असायच्या. आमगावकडच्या, देवरीकडच्या, सौंदडकडच्या. पाणी ज्यांना दिसत नव्हतं, त्यांच्या घरच्या.

दुसऱ्या वर्षी श्रावणात शामकलेला पोरगा झाला. दुलारीनंच सगळं केलं, आणि नीट केलं. पण तिसऱ्या दिवशी लेकराचं अंग तापलं. ते दूध ओढेना. दोन्ही धारा काठोकाठ वाहत होत्या. दुलीचंद चैतरामच्या पाया पडला. चैतरामनं डोंगा सोडलाही, पण पन्नास पावलं जाताच धारेनं तो फिरवला आणि खाली कासेत नेऊन घातला. दोघं लेकराला घेऊन कसेबसे टोल्याच्याच काठाला लागले. पलीकडं घाटपिंपरीचे लोक उभे राहून बघत होते. ओरडलं तर ऐकू जाईल एवढंच अंतर. लेकरू संध्याकाळी गेलं. टोल्यातच, खालच्या टोकाला त्याला पुरलं.

पाणी उतरल्यावर बिसराम लेकीला भेटायला आला. डोंग्यातून उतरला, ओसरीत बसला आणि टॉवेलनं तोंड झाकून रडला.

"मले मालूम असतं तं मी इथं पोरगी देली असती काय वो? सुकी रेती पाहली मी. नाला असंल म्हणलं. फसवलं आमाले."

शामकला बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा मोकळी रडली. तिचं लेकरू गेलं होतं, पण बाप तिच्या बाजूचा होता. दोघांना एकाच माणसांनी फसवलं होतं. त्या एका वाक्यावर तिनं पुढची वर्षं काढली. सासू काही बोलली की तिला ते वाक्य आठवायचं. तिनं दुलारीचं कधी काही अडू दिलं नाही. गुडघे दुखले तर तेल लावलं, तापात उशाला बसली. पण आपणहून एक गोड शब्द बोलली नाही. दुलारीलाही ते कळत होतं, आणि तीही काही मागत नव्हती.

नंतर चेतना झाली, फागुनात. ती जगली.

उमेंद्रला शामकलेनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. चौथीनंतर घाटपिंपरीच्या शाळेला जाताना त्याचे कपडे तीच एका पिशवीत बांधून द्यायची. पाणी कमरेइतकं उतरलं की पोरगा नुसत्या चड्डीवर धार ओलांडायचा आणि पलीकडं जाऊन शाळेचा शर्ट घालायचा. कितीदा पिशवीच भिजायची आणि तो ओल्या शर्टातच दिवस काढायचा. दहावी झाला. पुढं काही वर्षांनी तिरोड्याला वीज कारखान्याच्या चिमण्या उभ्या राहिल्या. टोल्यावरून रात्री त्यांचे लाल दिवे दिसायचे. उमेंद्रला तिथं ठेकेदाराकडं काम लागलं. त्यानं मोटारसायकल घेतली. उन्हाळ्यात ती वाळूवरून घरापर्यंत यायची, पावसाळ्यात घाटपिंपरीत कोणाच्या तरी गोठ्यात उभी राहायची.

पोरगा कमावता झाला, दिसायला चांगला निघाला, पण लग्न जमेना. आता लोकांच्या हातात मोबाइल होते. नुसतं गावाचं नाव काढलं की कोणीतरी कोणाला तरी फोन लावायचं आणि दोन दिवसांत नकार यायचा. टोल्यात तिशी उलटलेली पाच-सहा पोरं बसून होती. म्हणून २०१३ च्या चैतात आमगावकडची रिंकी नावाची पोरगी चालून आली तेव्हा दुलारीनं अंगण दोनदा सारवलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुलारीनं शामकलेला चुलीपाशी गाठलं.

"तूच बोलजो उद्या. पोरीची माय तुलेच पुसंल. सुनेचं ऐकतेत लोक."

"काय बोलू?"

"सुखात आहो म्हण. खोटं आहे काय? उपाशी ठेवलं का तुले कधी?"

 रात्रभर शामकलेच्या डोक्यात एकच होतं. उमेंद्र तिचाच होता, त्याचं घर बसावं असं तिलाही वाटत होतं. पण कोणाच्या तरी पोरीला ट्रॉलीत बसवून, पदराखालून वाळू दाखवत आणायचं आणि त्यात आपण हात लावायचा, हे तिच्यानं होणार नव्हतं. आपल्या बापाला कोणी एक शब्द सांगितला असता तर आपलं आयुष्य वेगळं झालं असतं. तो शब्द ती सांगणार होती.

पाहुणे आले. रिंकीची आई सुशिलाबाई विधवा होती. सोबत तिचा भाऊ आणि गावातले दोघं. पोहे झाले, चहा झाला. टरबूज कापलं, आपल्याच वाळूतलं, लालबुंद. सुशिलाबाई हात धुवायला मागं आली तेव्हा शामकलेनं तिच्या हातावर पाणी घालता घालता हळूच म्हटलं, "मावशी, एक सांगून राहिली, रागावू नका. तुमी ज्या रेतीवरून आले ना, ती रेती नाही. नदी आहे ती. आषाढ लागला का चारी बाजूनं पाणी. दवाखाना नाही, रस्ता नाही. माझं पहिलं लेकरू त्याच्यातच गेलं. पोरीले देण्याआधी विचार करा."

सुशिलाबाईनं पदराला हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मालूम आहे मले," ती म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"सगळं. माझा भाऊ दिवाळीच्या आधी डोंग्यात बसून येऊन गेला. मासोळी घेणारा म्हणून आला होता. घरं पाहली, माणसं पाहली." तिनं आवाज खाली आणला. "माणसं चांगली आहेत म्हणे. काई मांगत नाहीत. मले हिच्या मागं अजून दोघी आहेत, बाई. तुमी चूप राहा."

शामकलेनं तांब्या खाली ठेवला. "रिंकीले मालूम आहे?"

"तिले सांगून कायले तिचं मन खराब करू? पाणी येईल तेवा पाहील. सवय होते." सुशिलाबाई वळली, मग थांबली. "तुमच्याही बाबानं पाहूनच देलं असंल ना?"

"नाही. त्यायले मालूम नव्हतं."

सुशिलाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं रांगत्या लेकराकडं पाहावं. मग ती बाहेर जाऊन बसली. थोड्या वेळानं ओसरीतून हसण्याचे आवाज आले. सोयरीक पक्की झाली होती.

दुलारीनं आत येऊन साखरेचा डबा काढला. "चांगलं बोलली म्हणते तू पोरीच्या मायसंगं," ती म्हणाली, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तिनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

शामकलेला पुढचे दोन दिवस अन्न गोड लागेना. बिसराम बैल घ्यायचा तर तीन बाजार फिरायचा. बैलाचे दात बघायचा, खूर उचलून बघायचा, आधीच्या मालकाच्या गावी जाऊन चौकशी करून यायचा. तो माणूस वाळूचं पात्र बघून नाला समजला? हे तिला आताच सुचत होतं असं नाही. कधीतरी, भाजी चिरताना, वावरात लाखोळी उपटताना, तो विचार मनाच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. तिनंच दार लावून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. बिसराम अंगणात निंबाखाली खाटेवर बसला होता. दम्यानं खंगला होता. लेकीला पाहून त्याचा चेहरा खुलला. "आली काय वो माय! एकटीच?"

शामकला उभीच राहिली. "बाबा, लग्नाच्या आधी कासटोला तुमी पाण्यात पाहला होता काय?"

बिसरामनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग घराच्या दाराकडं.

"कोनं सांगतलं?" तो म्हणाला.

एवढंच पुरेसं होतं. तरी शामकला थांबली, कारण चौदा वर्षं उराशी धरलेली गोष्ट एका प्रश्नासरशी सोडून देणं तिला जमेना. "पाहला होता का नाही, तेवढं सांगा."

"पाहला होता." बिसरामला खोकला आला. तो ओसरेपर्यंत दोघंही थांबले. "कार्तिकात गेलो होतो. घर चांगलं होतं. तुह्या मागं तिघी होत्या. त्यायनं काई मांगलं नाही. बाकीच्या तिघी कशा उजवल्या, सांग बरं? तुह्यावर वाचलं म्हणून उजवल्या."

"अन् लेकरू गेलं तेवा? तेवा काऊन म्हणले, फसवलं म्हणून?"

"तू रडून राहिली होती," बिसराम म्हणाला. "तेवा काय बोलावं मी? तुले बरं वाटलं ना?"

आई दारात उभी होती. शामकलेनं तिच्याकडं पाहिलं. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत निघून गेली.

"जेवून जा," बिसराम म्हणाला.

ती जेवली नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं दुलारीवर रागावून बघायचा प्रयत्न केला, कारण त्या रागाची तिला सवय होती. पण तो राग आता कुठं टेकेना. दुलारीनं परक्याच्या पोरीला फसवलं होतं, आपल्या पोरासाठी. फसवणं तरी होतं ते. बापानं मात्र तिच्या दुःखात तिच्याशेजारी बसून, तिचं डोकं मांडीवर घेऊन, खोटं सांगितलं होतं.

घरी आल्यावर दुलारीनं विचारलं, "कशी आहे बाबाची तब्येत?"

"आत्याबाई, तुमचं लग्न कोणत्या महिन्यातलं?"

दुलारी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "जेठातलं," ती म्हणाली. "अन् आता ते कायले पुसून राहिली?"

लग्नाच्या आधी नवरीला साडी द्यायला टोल्यातल्या बायका आमगावकडं गेल्या. शामकला त्यांच्यात होती. तिनं रिंकीला पाणी आणायच्या निमित्तानं बोरिंगवर नेलं आणि हँडल मारता मारता सगळं सांगितलं. पाणी, डोंगा, लेकरू. रिंकीची आई जाणते हेही सांगितलं. पोरगी रडेल, घाबरेल, लग्न मोडेल, उमेंद्र आपलं तोंड पाहणार नाही, या सगळ्याची तयारी करून ती आली होती.

रिंकी रडली नाही. बारावी झालेली, उंच, सावळी पोरगी. आईचं नाव ऐकून तिचे ओठ तेवढे घट्ट मिटले. मग तिनं विचारलं, "किती महिने राहते पाणी?"

"चार. कधी पाच."

"अन् ते तर रोज तिरोड्यालेच जातेत ना कामाले?"

"हो."

"मंग तिरोड्याले खोली करून राहू. सोपं आहे." तिनं पाण्याचा गुंड उचलून कमरेवर घेतला. "तुमी काऊन नाही म्हणलं भाऊजीले, खोली करा म्हणून?"

 शामकलेला ते कधी सुचलंच नव्हतं. आपण फसलो, हे मनाशी उगाळण्यात इतकी वर्षं गेली, की निघून जावं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आलं असतं तरी शेती सोडून दुलीचंद कुठं आणि काय करणार होता?

"नंबर द्या त्यायचा," रिंकी म्हणाली.

लग्न झालं, वाजतगाजत, ट्रॅक्टरवरून. नत्थूलाल नाचला. आणि रोहिण्या लागायच्या, पाऊस तोंडावर यायच्या आधी एका सकाळी उमेंद्रनं मोटारसायकलला दोन पिशव्या बांधल्या. खोली झाली होती. ठेकेदाराच्या माणसानं मिळवून दिली होती. रिंकी वाळूत उभी राहून साडीचा पदर खोचत होती.

दुलारीनं उमेंद्रला काही म्हटलं नाही, रिंकीलाही नाही. ती शामकलेकडं वळली. "तूच शिकवलं हे. माह्या पोराले तोडलं. मले तवाच कळलं होतं, तू चांगल्या मनानं या घरात राहिलीच नाही."

उमेंद्र वहिनीच्या पाया पडायला वाकला आणि तसाच वाकलेला म्हणाला, "वहिनी, तिले सांगतलं ते बरं केलं. पण मले काऊन नाही पुसलं? मी काय तिले फसवून आणून राहिलो होतो?"

"तुले मालूम नव्हतं काय, पाहुणे उन्हाळ्यातच काऊन बोलावतो ते?"

उमेंद्रनं मान वर केली नाही. पाया पडला, गाडी चालू केली. रिंकी मागं बसली. जाताना तिनं शामकलेकडं पाहून हात हलवला, जसा सिनेमाला निघालेल्यांनी हलवावा.

आषाढ लागला. पाणी आलं. उमेंद्र दर शनिवारी येतो म्हणाला होता. दोन शनिवार आला, मग डोंग्याची कटकट नको म्हणून फोनवरच बोलायला लागला. एका संध्याकाळी शामकलेनं दुलीचंदला म्हटलं, "आपणबी तिरोड्याले खोली करू. चेतनाची शाळा तरी होईल."

 "मायबापाले कोन पाहील?" दुलीचंद म्हणाला. "एक तं गेला."

ते खरंच होतं. दोघा भावांतला एक गेला की दुसऱ्याला जाता येत नाही. शामकलेनं रिंकीला दार उघडून दिलं आणि त्याच दाराला बाहेरून कडी लागली. तिनं कोणाला दोष द्यायचा? रिंकीनं काही वाईट केलं नव्हतं. उमेंद्रनंही नाही. त्या पावसाळ्यात वरच्या टोकाचे गोटे धसले, तेव्हा दुलीचंद आणि टोल्यातली माणसं कमरेभर पाण्यात उभी राहून बांबू ठोकत होती, आणि घनश्यामनं पलीकडच्या काठावरून मोबाइलवर दुलीचंदला सांगितलं, "सांभाळा भाऊ, आमचं गाव तुमच्या हाती आहे."

भादव्यात शामकलेचा भाऊ भुवनेश्वरचा फोन आला. बाबांचा दम उखडला होता, गोंदियाला नेऊन परत आणलं होतं, डॉक्टरनं घरी न्या म्हटलं होतं. "तुहं नाव घेऊन राहिले सारखे. काई सांगायचं आहे म्हणतेत. लवकर ये बाई."

पाणी उतरत होतं. आभाळ स्वच्छ होतं. चैतराम काठावर जाळं वाळवत बसला होता. म्हटलं असतं तर अर्ध्या घटकेत तिला पलीकडं सोडलं असतं त्यानं.

"पाणी लय आहे दादा," शामकला फोनवर म्हणाली. "डोंगा चालून नाही राहिला. कशी येऊ?"

दुलारी ओसरीत बसून सगळं ऐकत होती. तिनं धारेकडं पाहिलं, मग सुनेकडं. उन्हाळ्यापासून दोघी कामापुरतंच बोलत होत्या. दुलारी खांबाला धरून उठली, तिच्याजवळ आली.

"जा वो," ती म्हणाली. "बाप आहे. झालं गेलं. दोन शब्द बोलून ये."

"काय बोलतील ते मले मालूम आहे," शामकला म्हणाली. "मले बरं वाटंल असंच बोलतील."

तिनं सूप घेतलं आणि कोंडा पाखडायला बसली. दुलारी आत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा फोन वाजला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो वाजला तेव्हा दुलीचंदनं उचलला, ऐकलं, आणि काही न सांगता बाहेर जाऊन बसला.

शामकला तेरवीला गेली. घरात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. आई भिंतीला टेकून बसली होती. लेकीला पाहून तिनं हात पुढं केला, पण शामकला दाराजवळच, तिघी बहिणींच्या मागं बसली. बहिणी रडत होत्या. तिला रडू आलं नाही. भुवनेश्वर तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. शेजारची एक म्हातारी त्याला समजावत म्हणाली, "तिच्यावर कायले राग धरतेस बापा? टापूवर देलेली पोरगी. पाणी होतं. ती बिचारी काय करते?"

"हो ना," बाकीच्या बायका म्हणाल्या. "पाण्यापुढं कोणाचं चालते?"

शामकलेनं त्यांना तसंच बोलू दिलं. पंगत बसली, पत्रावळी मांडल्या. तिच्या पानात कोणीतरी भात वाढला, वरून कढी वाढली. ती जेवली, पाणी प्यायली, आणि सौंदडहून दुपारची गाडी मिळावी म्हणून लवकरच निघाली.